मोटारीचं गाव कोणतं?

कॅनडातल्या विंडसरमध्ये जुळणी झालेली मोटार फक्त कॅनडाची, असं आयातशुल्काच्या कागदालाच वाटू शकतं. नदीच्या एका काठाला विंडसर, दुसऱ्या काठाला डेट्रॉइट आणि मध्ये १९२९ सालचा अँबॅसडर पूल. काही सुटे भाग गाडीत बसेपर्यंत पाच-सहा वेळा सीमा ओलांडतात. ओतकाम एका देशात, मशिनिंग दुसऱ्यात, जुळणी तिसऱ्यात.

हे आपसूक घडलेलं नाही. जानेवारी १९६५ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअरसन आणि अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्ससमध्ये 'ऑटो पॅक्ट'वर सह्या केल्या आणि दोन देशांचा मोटारधंदा एका चुलीवर आला. १९९४ मध्ये 'नाफ्ता' या व्यापार करारामुळे मेक्सिकोही त्यात सामील झाला. २०२० पासून लागू झालेला नवा करार तर खुद्द ट्रम्प यांचा. गाडीचं ७५ टक्के मूल्य याच तीन देशांतलं हवं आणि ४० ते ४५ टक्के मूल्य तासाला किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून यायला हवं, ही अट त्यातलीच. कंपन्यांनी त्याप्रमाणे व्हेंडर बदलले, पैसा ओतला.

मग ३ एप्रिल २०२५ रोजी त्याच ट्रम्प यांनी आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावलं. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. विंडसरमध्ये क्रायस्लरची पॅसिफिका बनते, पोराबाळांना शाळेत सोडणारी मिनीव्हॅन. तिच्यापासून अमेरिकेच्या सुरक्षेला धोका आहे हे म्हणणं खोटं आहे, आणि ते खोटं म्हणायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

परिणाम त्याच दिवशी दिसला. क्रायस्लरची मालक कंपनी स्टेलँटिसने विंडसरचा कारखाना दोन आठवडे थांबवण्याचं जाहीर केलं, मेक्सिकोतल्या तोलुकाचं उत्पादनही रोखलं आणि मिशिगन व इंडियानातल्या सुमारे ९०० अमेरिकी कामगारांना तात्पुरतं घरी बसवलं. शेजारची जुळणी थांबल्यावर इकडचे गिअरबॉक्स आणि पत्र्याचे भाग बसवायचे कशात? ज्यांच्या नावाने शुल्क लावलं, पहिला ले-ऑफ त्यांच्याच वाट्याला आला.

करारात बसणाऱ्या गाड्यांना अमेरिकी भागांपुरती सूट मिळाली, हे खरं. पण उरलेल्या मूल्यावर २५ टक्के लागतातच. जपानने मात्र वाटाघाटी करून आपल्या गाड्यांचा दर १५ टक्क्यांवर आणला. साठ वर्षांच्या भागीदाराला चढा दर आणि प्रतिस्पर्ध्याला उतरता! जनरल मोटर्स ही तर अमेरिकेचीच कंपनी. २०२५ च्या एका तिमाहीत तिला शुल्कापायी १.१ अब्ज डॉलरचा भार सोसावा लागला.

ऑक्टोबरमध्ये स्टेलँटिसच्याच जीप कंपासचं नियोजित उत्पादन कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून इलिनॉयमधल्या बेल्व्हिडिअरला हलवल्याचं जाहीर झालं. बेल्व्हिडिअरचा कारखाना २०२३ पासून थंड पडलेला. तिथल्या माणसांना काम मिळतंय याचा आनंदच आहे. पण ब्रॅम्प्टनचे कामगारही याच मॉडेलच्या आशेवर बसले होते. कारखाना बंद, नव्या गाडीसाठी त्याची फेरबांधणी व्हायची होती. त्यांची मजुरी स्वस्त नव्हती की त्यांच्या कामात खोट नव्हती. नवं मॉडेल उभं करायला कंपनीला चार-पाच वर्षं लागतात. शुल्काचा दर वॉशिंग्टनमधून एका सहीने बदलतो. कामगाराने घराचे हप्ते कुणाच्या वेळापत्रकावर बेतायचे, याचं उत्तर शुल्क लावणाऱ्यांनी द्यायला हवं.