परतीच्या पाखरांचे निरीक्षण : हिप्परगा तलावापुरते नियम

सोलापुरात वसंत ऋतू पंचांगात असतो. प्रत्यक्षात होळी आटोपते, पारा चाळिशीकडे सरकतो आणि हिवाळी पाहुणे पक्षी उत्तरेची वाट धरू लागतात. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा ऊर्फ एकरुख तलाव, बांधून पुरा झाला 1871 साली, या निरोपसमारंभाचे ठरलेले ठिकाण.

तलावावर उजाडता पोचावे. नवानंतर पाण्यावर झळा उठतात, दुर्बिणीत प्रत्येक बदक थरथरू लागते आणि थरथरत्या बदकाची कोणतीही जात सांगता येते. बरीच हौशी मंडळी नेमकी याच सुमारास, नाश्ता उरकून येतात.

सूर्य पाठीशी ठेवावा. एवढे पाळले तरी निम्मे पक्षी ओळखू येतात.

पोशाख मातकट असावा. सोलापुरी चादर पांघरून झुडपाआड दडण्याची कल्पना कितीही स्वदेशी वाटली तरी टाळावी. ती चादर लांबून उठून दिसावी म्हणूनच विणलेली असते.

बदक रंगावरून ओळखण्याचा मोह आवरावा, आकार पाहावा. थापट्याची चोच टोकाला पसरट असते, तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब व टोकदार. पट्टकदंबाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात; हाच पक्षी इथून निघून हिमालय ओलांडतो. चिखलावरची बारकी तपकिरी पाखरे ही खरी परीक्षा. चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतवार सारखी शेपटी हलवत राहतो.

प्रत्येक गटात एक तज्ज्ञ असतो. दुर्बीण डोळ्याला लागण्याआधीच तो नाव जाहीर करतो आणि पक्षी उडून गेला की मतावर अधिकच ठाम होतो. याच सोलापुरात 1932 साली जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी उभे आयुष्य रानात काढून ‘पक्षीकोश’ रचला. तज्ज्ञाकडेही तो असतो, कपाटात. तज्ज्ञाशी वाद घालू नये. त्याची शेंगाचटणी-भाकरी सहसा उत्तम असते आणि तो ती सर्वांना वाढतो.

यानंतर मोठ्या भिंगाचा कॅमेरा. तो बाळगणाऱ्यास पोहणारे बदक चालत नाही, उडतेच लागते. म्हणून तो टाळ्या वाजवतो, ढेकूळ फेकतो, क्वचित सोबतच्या पोराला काठाने पळवतो. इथे नियम वगैरे बाजूला ठेवून स्पष्टच सांगायला हवे : हा निव्वळ आडमुठेपणा आहे. निघण्यापूर्वी हे पक्षी दिवसभर चरून अंगात चरबी साठवतात, वाटेत तीच त्यांची शिदोरी. विनाकारण उडवलेला थवा ती इथेच खर्च करतो. चांगला फोटो हवा असेल तर चिखलाच्या कडेला गप्प बसावे. अर्ध्या तासाने पक्षी आपणहून जवळ येतात.

सायंकाळी भोरड्यांचे थवे झाडांवर मुक्कामाला उतरतात. गुलाबी अंग, काळे डोके आणि कान किटवणारा कलकलाट. पळस, पांगारा फुलले की मधासाठी त्या हमखास येतात. त्यांचे कौतुक मात्र ज्वारीवाल्या शेतकऱ्यापुढे करू नये. हुरड्याच्या दिवसांत त्याचे निरीक्षण गोफण घेऊन झालेले असते.

वहीत पक्ष्यांची संख्या लिहिताना अंदाजाला अंदाजच म्हणावे. पाहुणे आल्याची तारीख सगळेच हौसेने टिपतात. एप्रिलमध्ये शेवटचा पाहुणा कधी दिसला, तेही कृपया लिहावे.