आमसुलाचा चुलतभाऊ

डब्यावर वाघ होता, आणि वाघाचं पोट खपाटीला गेलेलं. नगरला सावेडीतल्या एका दुकानात 1,800 रुपये मोजून मी तो घरी आणला. माझं वजन तेव्हा 84 किलो.

"काका, रोज 3 कॅप्सूल. जेवणाआधी अर्धा तास," दुकानातला पोरगा म्हणाला. "सोबत 40 मिनिटं चालायचं. साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद, रात्री 8 नंतर काही खायचं नाही." एवढं सगळं मीच करायचं तर कॅप्सूल काय करणार, हे विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर "चरबी जाळते" म्हणाला असता. पोटात जाळ होण्याला नगरी माणूस भीत नाही. आम्ही तर्रीवर वाढलेलो आहोत.

घरी चष्मा लावून डबा फिरवला. मागच्या बाजूला, मुंगीलाही वाकून वाचावं लागेल अशा अक्षरांत: हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. असं छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. म्हणजे पुढून वाघ, मागून वकील.

घटकांत पहिलं नाव गार्सिनिया. "हे काय असतं?" हिनं विचारलं. शोधलं, तर केरळात माशाच्या कालवणात जी कुडमपुळी घालतात, तिचा अर्क. आपलं कोकम त्याच कुळातलं. थोडक्यात, आमसुलाचा चुलतभाऊ.

"आमसूल मी 30 वर्षं आमटीत घालतेय," ही म्हणाली. "उतरलं का तुमचं?"

मी गप्प बसलो, पण विषय सोडला नाही. या चुलतभावाची परीक्षा 1998 सालीच झाली आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 135 जाड माणसं घेतली. निम्म्यांना हा अर्क, निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं, हे कुणालाच ठाऊक नाही. मात्र सगळ्यांना जेवण एकच: भरपूर चोथ्याचं, दिवसाला 1,200 कॅलरींचं. 12 आठवड्यांनी अर्कवाले सरासरी 3.2 किलो उतरले. पोकळ गोळीवाले 4.1. हा फरक हिशेबात धरण्याजोगा नाही, असं ते डॉक्टर म्हणतात. जे उतरलं ते जेवणानं उतरलं. एवढं मी हिला वाचून दाखवलं. मधल्या काळात हा अर्क असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. त्या मात्र वाचून दाखवल्या नाहीत. 1,800 रुपये गेले होते, त्यात भर कशाला?

आता दोष एकट्या डब्याचा नाही. आमचा जिल्हाच गोड. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950 साली प्रवरेकाठी उभा केला आणि तेव्हापासून चहाला नको म्हणणं म्हणजे सहकारालाच नको म्हणणं. म्हणून आम्ही तोड काढली आहे: "अर्धाच द्या." मी एकदा मोजले. दिवसात 7 अर्धे. प्रत्येकात दीड चमचा साखर धरली तरी साडेदहा चमचे, म्हणजे 200 च्या वर कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीएवढ्या. भाकरी निदान पोटात थांबते तरी. आणि भाकरी बंद करायची, हे मात्र आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलेलं असतं.

जानेवारीत तर पंचाईतच. हुरड्याला बोलावणं आलं. कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, पण हुरड्याला आधी आणि नंतर असतं कुठे? शेतात पाय ठेवला की आगटीतून निघालेलं गरम कणीस हातावर चोळलं जातं, शेंगदाण्याची चटणी पुढे येते, मग दही, मग गूळ, मग "आता जेवायला बसू". त्या दिवशी मी तिन्ही कॅप्सूल एकदम गिळल्या आणि निर्धास्त झालो. डब्याचा खरा गुण हाच. तो घेतला की काहीही खायला मोकळीक मिळते.

2018 च्या अखेरीस डॉ. जगन्नाथ दीक्षितांना सरकारनं लठ्ठपणाविरोधी मोहिमेचं दूतपद दिलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र दोन तटांत वाटला गेला. दिवसात दोनदाच, 55 मिनिटांत जेवा, असं दीक्षित म्हणत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर खायला सांगत. वाडिया पार्कात फिरायला येणारे आमचे मित्र यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण निदान ताटाचं आणि घड्याळाचं होतं. मित्रांतला एक जण दीक्षितांच्या, एक जण ऋजुताबाईंच्या मार्गाला वर्षभर चिकटून राहिला. दोघेही उतरले. मी दोघांचीही पुस्तकं घेतली आणि दर महिन्याला मार्ग बदलला.

आमच्या चिरंजीवांचा डबा वेगळा, प्रथिनांचा. दंड फुगवायला असली भुकटी नको, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार-सूचनांत सांगितलंय. प्रथिनं गावच्या कडधान्यांतही असतात. आमच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावरान वालापासून भातापर्यंतचं बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. पोरगा मात्र हुलग्याची शेंगोळी पुढे आली की नाक मुरडतो. हुलग्यात 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे सांगितलं तर विचारतो, "पण फ्लेवर कोणता?"

महिन्यानं मी काट्यावर उभा राहिलो. 84.6. दुकानात फोन लावला. "काका, एका डब्यात काय होतंय? 3 महिन्यांचा कोर्स असतो," पोरगा म्हणाला. मी हिच्याकडे पाहिलं. न्यूयॉर्कचं प्रकरण हिच्या पक्कं लक्षात होतं.

"त्याला विचारा," ही म्हणाली, "पोकळवाल्या आहेत का. त्यांनी 900 ग्रॅम जास्त उतरतं."