विठोबा वाळत घातलेत

बालवाडीत सण कधीही वेळेवर येत नाही, आधी येतो. खऱ्या सणाच्या दिवशी शाळेला सुट्टी असते ना! त्यामुळे आमची एकादशी दशमीलाच उरकते, गणपती हरतालिकेच्या आधी येऊन डब्याच्या सुट्टीपर्यंत परतही जातो, आणि आमची दिवाळी होते तेव्हा घरोघरी चिवड्याचे पोहेसुद्धा आलेले नसतात. मोठी माणसं हे चालवून घेतात. पाच वर्षांच्या माणसाचा मात्र पंचांगावर विश्वास नसतो, ताईवर असतो. आमच्या मोठ्या गटातल्या एका गृहस्थाने मूर्ती आणायला निघालेल्या आजोबांना दारातच अडवलं होतं. "आता कशाला आणताय? विसर्जन झालं."

मी साताऱ्यातल्या एका बालवाडीची ताई. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि पहिला मोठा सण येतो आषाढीचा. म्हणजे निम्मा वर्ग अजून 'आई पाहिजे' म्हणून टाहो फोडत असताना त्याला धोतर नेसवून, गंध लावून, हातात टाळ देऊन गल्लीतून मिरवायचं. मुलांच्या डोळ्यांतलं पाणी बघून एका आजींनी "केवढा भाव गं लेकरांचा!" म्हणत पदर डोळ्यांना लावला. मी काही बोलले नाही. भाव होताच, फक्त आईविषयी होता.

माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते. लोणंदला मुक्काम, पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. ज्यांना आजोबांनी खांद्यावर बसवून ते दाखवलेलं असतं, त्यांनी अख्ख्या वारीतलं एकच पात्र मनावर घेतलेलं असतं, ते म्हणजे घोडा. वारकरी व्हायला कोणी तयार नाही. रुक्मिण्यांची तर मोजदादच करायची नाही, जिच्या घरी शिवलेली नऊवारी ती रुक्मिणी. या सगळ्या घोड्यांच्या आणि रुक्मिण्यांच्या मधोमध आमचा विठोबा मात्र अगदी शास्त्रोक्त, कमरेवर दोन्ही हात ठेवून उभा. लोकांनी फोटो काढले. हात काढले असते तर पितांबर खाली आला असता.

वर्गात आल्यावर विठोबाचं चित्र. आषाढीच्या आठवड्यात साताऱ्यात काळा कार्डशीट मिळेल तर शपथ, कारण सगळ्या शाळांचे विठोबा एकाच वेळी चालू असतात. मग पांढऱ्या कागदावर काळा पोस्टर रंग. हा रंग कागदावर सोडून सगळीकडे छान बसतो: कानाच्या पाळीवर, दप्तरावर, मावशींच्या पांढऱ्या मांजरावर. आणि बाहेर आषाढाची धार लागलेली, त्यामुळे काही म्हणजे काही वाळत नाही. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधायची आणि चिमटे लावून विठोबा टांगायचे. एकदा कुणा पालकांचा फोन आला तो मावशींनी घेतला. "ताई आहेत, पण येता येत नाही. विठोबा वाळत घातलेत, ते गळतायत."

चित्र रंगवता रंगवता एकाने विचारलं, "ताई, विठोबाला कोणी उभं केलंय?"

वर्गात उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. मी पुंडलिकाची गोष्ट सांगितली. तो आई-वडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला, पुंडलिकाने वीट फेकली आणि म्हणाला, जरा थांब. मुलं एकदम गप्प. मग खिडकीजवळून आवाज आला, "आणि नंतर बस म्हणायचं विसरला?"

अठ्ठावीस युगांवर एवढा नेमका अभिप्राय माझ्या तरी वाचनात नाही.

2023 मध्ये आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, 29 जूनला आली होती. म्हणजे दोन सणांचं चिकटकाम एकाच दोरीवर. एकीकडे काळे विठोबा, दुसरीकडे चंदेरी कागदाचे चांद-तारे, आणि मधे ओली खळ. सकाळी बघते तर एक चांद विठोबाच्या मुकुटाला जाऊन चिकटलेला. ओढला तर मुकुटासकट यायचा. चित्राच्या मालकाला विचारलं, काय करू या? त्याने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे. रात्री त्याला दिसेल."

आषाढीच्या पाठोपाठ आमच्याकडे बेंदूर. मातीचे बैल. शाडूचा गोळा हातात आला की पोरं देहभान विसरतात, पण बैलाचे पाय ही अवघड गोष्ट आहे. पाय बारीक वळले की वाळताना तडकतात, जाड वळले की तो बैल राहत नाही, पाट होतो. म्हणून आमच्या वर्गातले सगळे बैल बसलेले असतात. "दमलाय तो," असं प्रत्येक जण न विचारता सांगतो. गणपतीच्या वेळी हीच माती पुन्हा निघते. पोटाचा मोठा गोळा, डोक्याचा छोटा, सोंडेची वळी, हा क्रम मी फळ्याजवळ बसून करून दाखवते. एका मुलीने माझ्याकडे ढुंकूनही न बघता मोदक वळायला घेतले. एक, दोन, पाच, नऊ... पाटीभर मोदक, अगदी कळ्या पाडून. माती संपली.

"अगं, आणि गणपती?"

"येईल की. आधी जेवायचं नको का करायला?"

या सगळ्या उद्योगाला मुळात जबाबदार कोण, असं विचाराल तर फ्रेडरिक फ्रोबेल नावाचा जर्मन गृहस्थ. 1837 साली त्याने ब्लांकेनबुर्ग गावात लहान मुलांची शाळा काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. कागद दुमडणं, कातरणं, पट्ट्यांची चटई विणणं, मातीकाम, सगळं त्याच्या यादीत आहे. या थोर माणसाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, ही बाब मी मनात नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर मुक्काम. त्यांचं साहित्य म्हणजे बिया, शिंपले, पानं, खडे. जे दारात मिळेल ते. आमच्याकडे हल्ली सामानाच्या यादीत 'हलणारे डोळे, दोन पाकिटं' असं असतं. ते चिकटवले की हत्ती, बैल, नाग, उंदीर सगळेच दचकल्यासारखे दिसतात.

पालकांना मात्र हलणारे डोळे फार आवडतात. त्यांना तीस मुलांचे तीस हत्ती एकाच साच्यातून काढल्यागत दिसले की धन्य वाटतं. मला संशय येतो. तीस हत्ती एकसारखे आले तर ते एकाच माणसाने केलेले आहेत, आणि ती माणूस त्या दिवशी साडेपाचपर्यंत शाळेत बसून होती, हे मी शपथेवर सांगेन. म्हणून मी साचे वापरत नाही. मग फोन येतात. "आमच्या हत्तीची सोंड मागच्या बाजूला का?" तो मागे बघतोय, दुसरं काय! याच्या उलट गंमत घरून करून आणायच्या वस्तूंची. "मुलाने स्वतः केलेला किल्ला आणावा," असं कळवलं की दुसऱ्या दिवशी बुरुज, तटबंदी, पाण्याचं टाकं आणि पायऱ्यांना सिमेंटचा हात असलेला गड रिक्षातून उतरतो. मुलाचं काम काय, तर वरचा मावळा. तोही आडवा. "तो मी ठेवला," असं मूल अभिमानाने सांगतं, आणि बाबा त्याला हळूच सरळ करतात.

हादग्यात आमची गाणी बरी होतात, पाटावरच्या हत्तीभोवती फेरही बरा होतो. खिरापत ओळखण्याचा खेळ मात्र आमच्याकडे चालत नाही. डबा हलवून विचारायचं, गोड की तिखट, लांबट की गोल. ज्या मुलीचा डबा, ती प्रार्थनेच्या वेळीच हात वर करून सांगते, "माझ्या डब्यात करंज्या आहेत, पण कुणाला सांगायचं नाही."

दिवाळीच्या कंदिलाला मात्र थोडा वेळ द्यायला हवा. कंदील तसा सोपा. घोटीव कागद लांबीत दुमडायचा, दुमडीच्या बाजूने कात्री घालायची, कापत जायचं, आणि पलीकडची कड दोन बोटं उरली की थांबायचं. उलगडून गोल चिकटवला की झाला कंदील. यातली 'थांबायचं' ही एक पायरी सोडली तर बाकीच्या सगळ्या मुलांना उत्तम जमतात. जीभ दातांत, भुवया वर, कात्री कर्रर्र करत निघते ती पलीकडे जाऊनच दम घेते. हातात कंदील नाही, शेवया. त्या मी फेकत नाही. गोळा करून दुसऱ्यांच्या कंदिलांना खाली झिरमिळ्या म्हणून लावते. त्यामुळे निम्म्या वर्गाने थांबावं आणि निम्म्याने अजिबात थांबू नये, अशीच माझी मनोमन प्रार्थना असते. सगळे थांबले तर झिरमिळ्या आणायच्या कुठून?

कापसाचा मोठा गुंडाळा जूनमध्ये येतो आणि वर्षभर पुरतो. पावसाळ्यात त्याचे ढग होतात. गोकुळाष्टमीला मटकीच्या तोंडावर लोणी. (एकाने ते खाल्लं. खळ मैद्याची असल्याने काही बिघडलं नाही, पण "मीठ नाही," अशी तक्रार आली.) डिसेंबरात त्याच गुंडाळ्यातून सांताक्लॉजची दाढी. पोरांची स्मरणशक्ती भयंकर. सांताकडे बघून सगळ्यात धिटुकली म्हणाली, "याने लोणी खाल्लं आणि तोंड नाही पुसलं."

संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांऐवजी साबुदाण्याचे दागिने करतो. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की साबुदाणा पुरत नाही, आणि का पुरत नाही ते कुणाच्याही गालाकडे पाहिलं की कळतं.

26 जानेवारीचा झेंडा स्पंजने छापायचा. केशरी, पांढरा, हिरवा इथवर ठीक. चक्राचे आरे 24, आणि आमच्याकडे मोजायला बोटं. दहा हाताची संपली, मोजे काढून दहा पायाची संपली. वीस. एक पठ्ठ्या तसाच अनवाणी उठला, शेजारणीचा हात धरून आणला, तिची चार बोटं मोजली आणि अंगठा परत केला. "हा नको, उरला."

गुढीपाडव्याला वर्ष संपत आलेलं असतं आणि माझ्यातलं त्राणही. आइस्क्रीमची काडी, खणाचा तुकडा, कडुलिंबाचा खराखुरा डहाळा आणि वर सोनेरी रंगवलेला कागदी कप उपडा. एकाने तो सुलटा चिकटवला.

"अरे, गुढीवर तांब्या उपडा असतो."

"मग पाणी सांडेल ना!"

शेजारचीने हे ऐकलं, स्वतःची गुढी पाहिली आणि आपलाही कप उपटून सुलटा केला. खळ ओलीच होती. बघता बघता ओळीने सगळे तांब्ये सरळ झाले. मी खुर्चीत बसून राहिले. दुपारी गुढ्या घरी गेल्या, आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर एका बाबांचा निरोप आला: "ताई, आमच्याकडे कप आलाय, खूप खूप आभार! स्पर्धा कसली होती आणि नंबर कितवा, तेवढं कळवा."