परीक्षक घरचाच

गुरूविना पियानो शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे परीक्षकही आपणच. बेथोवेनच्या १८१० सालच्या ‘फ्यूर एलिझ’ची पहिली ओळ बोटांत बसली, की गडी पास! ती ओळ पाहुण्यांसमोर, मोबाइलसमोर, जमेल तिथे वाजते. मधल्या भागात उजव्या हाताला जलद सुरांची झुंबड उडते. तिथे स्वारी हळूच रेंगाळते आणि त्याला ‘माझी शैली’ म्हणते. सोपी जागा आली की तीच शैली सुसाट सुटते. मेट्रोनोम? छे, तो कलेला मारक! घरचे मात्र खूश असतात, कारण डिजिटल पियानोला हेडफोन लावलेला असतो. बुवा, एकदा अख्खी रचना रेकॉर्ड करा, आठवड्याने ऐका आणि ऐकताना मेट्रोनोम चालू ठेवा.