वर्षअखेरची यादी : एरंडोल पुरवणी

डिसेंबर उजाडला की आपले जाणकार 'तुम्ही न ऐकलेले अल्बम' शोधून काढतात. आइसलँडचा जॅझ, मालीचा ब्लूज, नॉर्वेचं मेटल, सगळं जग यादीत मावतं. जळगाव-धुळे तेवढे मावत नाहीत. म्हणून एरंडोलकडून ही छोटी पुरवणी.

लोकसंगीत : कानबाईची गाणी. प्रकाशन नागपंचमीनंतरच्या रविवारी, रात्रभर. सोमवारी विसर्जन झालं की आवृत्ती संपली.

मालिका : गुलाबाईची गाणी. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, घरोघरी. गायिका शाळकरी, मानधन खिरापत.

दीर्घ रचना : वहीगायन. कथा मोठी, रात्र लहान. 'पुढचं गाणं' असं बटण नाही.

नृत्यसंगीत : अहिराणीतलं 'हाई झुमकावाली पोर'. अल्बम नव्हे, एकच गाणं. यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलं. हळदीच्या डीजेवर किती वेळा, ते मोजायला कोणी शुद्धीवर नव्हतं. जाणकारांच्या लेखी मात्र ते अजून अपरिचितच, कारण खानदेशाने ऐकलेलं हिशेबात धरत नाहीत.

तारे वाटण्याआधी परीक्षकांनी एकदा श्रावणात इकडे यावं. मुक्कामाची सोय होईल. हेडफोन मात्र घरीच ठेवावेत.