वाटाण्याएवढं एसपीएफ

उन्हाळा लागला की घरोघरी त्वचेची काळजी सुरू होते. म्हणजे खरं तर रंगाची. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील,’ हे मुलीलाच ऐकवतात. मुलगा भर दुपारी क्रिकेट खेळून लालबुंद होऊन आला, तर त्याला पन्हं मिळतं.

मग एसपीएफ ५० च्या सनस्क्रीनची ट्यूब येते. ३० वाली अतिनील-बी किरणं साधारण ९७ टक्के अडवते, ५० वाली ९८. त्या एका टक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि ट्यूब पुरवायची म्हणून वाटाण्याएवढी लावायची! प्रयोगशाळेत मात्र एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम थापून काढलेला असतो. शिवाय दर दोन तासांनी पुन्हा लावा. एवढं कोण करतो? त्यापेक्षा शेजारच्या काकू सांगतात ते लिंबू बरं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की फोड येतात, मग काळे डाग, तेही महिनोन्‌महिने मुक्कामाला.

तिकडे गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला निघालेली बाई साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवते, डोक्याला कापड गुंडाळते. दोन तासांनी पुन्हा चढवावा लागत नाही. पण या शर्टाची जाहिरात कोण करणार? तो घालून नटी गोरी होत नाही ना.