दिवस भरले

मराठीत बाईला दिवस जातात आणि दिवस राहतातही, अर्थ एकच. ज्या भाषेत गेले आणि राहिले यांत फरक नाही, तिथं तारखेचा हिशोब चोख लागावा ही अपेक्षाच चूक.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर औषध कंपनीनं फुकट दिलेली पुठ्ठ्याची गोल चकती होती. कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत महिने. त्यांनी बाण माझ्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावर, 7 फेब्रुवारी 2023 वर, आणला, चाळीस आठवड्यांच्या खुणेवर नख टेकवलं आणि म्हणाल्या, "14 नोव्हेंबर."

तीन महिने मागे, सात दिवस पुढे. हायडेलबर्गच्या नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावानं हे गणित दोनशे वर्षं चाललंय. गंमत अशी, की त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भच नसतो. 9 फेब्रुवारीला मी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून कण्हत पडले होते, तेव्हा कागदोपत्री गरोदर होते!

आजीचा हिशोब नऊ महिने नऊ दिवसांचा. नेगेलेंचं गणित सरळ मांडलं तर नऊ महिने सात दिवस येतात. आजीला सांगितलं, तर म्हणाली, "पुरुषमाणूस तो. धरले असतील दोन कमी."

शिवाय हे गणित 28 दिवसांच्या पाळीवर बेतलेलं. माझी 33 दिवसांनी येते, तीही आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टँकरसारखी, वाट बघायला लावून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या सोनोग्राफीशी फरक आठवड्याच्या आत आहे, तारीख तीच ठेवू." पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर खाली नवीनच तारीख छापून यायची. एकदा 9, एकदा 17. "ते बाळाच्या मापावरून येतं, तिकडे बघू नका. आणि नेमक्या तारखेला शंभरात चार-पाच जणीच बाळंत होतात. त्यातून तुम्ही पहिलटकरीण."

हे सगळं मी ऐकलं. घरच्यांनी फक्त 14 ऐकलं. त्यात तो बालदिन, आणि त्या वर्षी दिवाळीचा पाडवाही त्याच दिवशी. "साडेतीन मुहूर्तांतला अर्धा!" सांगलीची आत्या फोनवर कृतार्थ झाली.

14 ला सकाळी सातला तिचा फोन.

"सुटलीस का गं?"

"आत्या, फोन मीच उचललाय."

15 ला भाऊबीज. भाऊ आला, ओवाळून घेताना माझ्या पोटाकडे बघत राहिला. 16 ला आजीची तारीखही गेली, तशी ती जरा गप्प झाली. 17 ला भाजीवाली म्हणाली, "ताई, अजून हितंच?" जणू माझं रिझर्वेशन होतं आणि मी गाडी सोडली. शेजारच्या काकू "दिवस भरले की गं तुझे" असं मायेनंच म्हणाल्या. पण हेच वाक्य मराठी सिनेमातला व्हिलन म्हणतो तेव्हा पुढे काय होतं, ते मला ठाऊक होतं.

19 नोव्हेंबरला, रविवारी, दुपारी कळा सुरू झाल्या. वर्ल्डकपची फायनल. नवऱ्यानं कळा मोजायचं काम अंगावर घेतलं आणि ओव्हरच्या हिशोबात मोजल्या. दवाखान्यात पोचल्यावर त्यानं सिस्टरना सांगितलं, "ओव्हरला एक पडतेय." त्यांना ते बरोबर कळलं. ट्रॅव्हिस हेड काही आउट होईना आणि मी काही मोकळी होईना. मॅच हरून बराच वेळ झाला, वॉर्डबॉयनं टीव्ही बंद केला, तरी माझी इनिंग चालूच.

मुलगी झाली. भिंतीवरच्या घड्याळात 12 वाजून 3 मिनिटं.

नवऱ्यानं आत्याला फोन लावला. पत्रिकेसाठी तिला मिनिटासकट वेळ हवी होती. "12 वाजून 3. म्हणजे 20 तारीख, आत्या."

मला पुसून घेत असलेल्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "ते घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे हां."

फोनमधून आत्याचा आवाज मला पलंगापर्यंत ऐकू आला, "मग तारीख कुठली धरायची?"